आधी अवजार, मग हत्यार

कुकरीचं भवितव्य चहाच्या किटलीने ठरतं. पूर्व नेपाळातल्या भोजपूरकडे लोहाराच्या भट्टीला आरन म्हणतात. तिथे पातं ठोकून, घासून, आकाराला आणून झालं की ते शेवटचं एकदा लालबुंद तापवतात. कारागीर एका हातातल्या सांडशीने ते धार वर करून धरतो, दुसऱ्या हातात साधी किटली घेतो आणि तिच्या चोचीतून पाण्याची बारीक धार पात्याच्या कडेवरून पुढेमागे फिरवतो. पाणी कडेवरच पडायला हवं, पाठीवर नाही. कड चरचरत काळी पडते, पाठ मात्र अजून लालच असते. पाठीत उरलेली धग मग हळूहळू कडेकडे सरकते आणि एकदम कडक होऊन ठिसूळ झालेली कड जराशी नरमावते. कडेवर चढणारा पिवळसर रंग पाहून कारागीर ठरवतो, आता पुरे. तापमापक नाही, घड्याळ नाही. रंग ओळखणारा डोळा चुकला तर दोन दिवसांची मेहनत भंगारात.

या किटलीमुळेच कुकरीचं पातं सगळीकडे सारखं कडक नसतं. जिथे घाव बसतो तो पोटाचा फुगीर भाग सर्वांत कडक, टोक आणि मुठीजवळचा भाग त्याहून नरम, आणि पाठ चांगलीच मऊ. धार टिकते, आणि ओल्या लाकडावर घाव बसला की हादरा पाठ गिळते. कारखान्यात एकसारखं कडक केलेलं पातं कागदावरच्या आकड्यांत कदाचित वरचढ ठरेल. पण गाठाळ खोडावर आडवा घाव बसल्यावर कडेचा तुकडा उडतो तो बहुधा त्याचाच.

पोलादही दुकानातून आणलेलं नसतं. ट्रक आणि जिपांच्या स्प्रिंगचे भंगारात निघालेले पाटे हा आजच्या कुकरीचा कच्चा माल. त्यात काही गूढ नाही: पाट्याचं पोलाद वाकून पुन्हा सरळ व्हावं म्हणूनच बनवलेलं असतं, कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का, आणि ठोकायला सोशीक. आपल्याकडच्या लोहाराला हे नवं नाही. कोकणात कमरेच्या आकडीत अडकवलेला चांगला कोयता बऱ्याचदा अशाच पाट्यातून निघालेला असतो.

डोंगरात-जंगलात न्यायला न मिटणारा, म्हणजे एकसंध पात्याचा सुरा शोधणाऱ्या मंडळींच्या यादीत कुकरी हमखास असते. पण बहुतेक जण ती विकत घेतात ते लढाईच्या दंतकथा ऐकून, आणि तिथेच निवड फसते. कुकरी ही मुळात शेतकऱ्याच्या घरातली वस्तू आहे. नेपाळच्या डोंगराळ भागात तिने सरपण फोडतात, बांबू चिरतात, जनावरांसाठी पाला छाटतात, दसैंला, म्हणजे दसऱ्याला, बोकड कापतात, बटाटे सोलतात. स्वयंपाकघरात तिचीच एक चुलतबहीण असते, चुलेसी: पायाखाली दाबून धरायची, पातं वर उभं, आपल्या विळीच्याच कुळातली. एकदा म्यानातून काढली की रक्त चाखल्याशिवाय कुकरी परत जात नाही, ही कथा पर्यटकांना फार आवडते. ती खरी असती तर नेपाळात रोज संध्याकाळी चूल पेटवताना कुणाचं तरी बोट गेलं असतं.

तिचा वाक शोभेचा नाही. पातं पुढे झुकलेलं असल्यामुळे वजन मुठीपासून दूर, पोटाशी साठतं, म्हणून मनगटाला जोर कमी लावावा लागतो. शिवाय कड लाकडाला सरळ न भिडता तिरकी भिडते, त्यामुळे घाव बसता बसता ती कापतही जाते. दहा इंची पात्यात तीन सुऱ्या दडलेल्या असतात: मुठीजवळचा अरुंद भाग तासायला, पोट तोडायला, टोक भोसकायला. पाठ मुठीपाशी आठ-दहा मिलिमीटर जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. हा निमुळतेपणा नसेल तर कुकरी हातात पहारीसारखी जड लागते. मुठीलगत कडेवर एक छोटी खाच असते, तिला काउडी म्हणतात. गाईचा खूर, शिवाचा त्रिशूळ, रक्त मुठीकडे ओघळू नये म्हणून केलेली सोय, असे तिचे अर्थ सांगितले जातात. ज्याला जो पटेल तो त्याने घ्यावा. कापण्याच्या कामात तिच्यावाचून काही अडत नाही.

म्यानात, म्हणजे दापात, मागच्या बाजूला दोन छोटी पाती खोचलेली असतात. कर्दा ही बारीक सुरी. चकमक बोथट असते. तिने कडेवरचे बारीक मोड सरळ करायचे आणि गारगोटीवर घासून ठिणगी पाडायची. जंगलात तगून राहण्याच्या दृष्टीने मला हा अख्खा संच मुख्य पात्याइतकाच मोलाचा वाटतो. फांदी तोडायला एक, मासा साफ करायला एक आणि दोघींची निगा राखायला तिसरी.

लढाईची कीर्ती अर्थात खोटी नाही. १८१४ साली डेहराडूनजवळच्या नालापाणीच्या गढीत बलभद्र कुंवरच्या मूठभर माणसांनी कंपनी सरकारच्या फौजेला रोखून धरलं, त्या हल्ल्यात कंपनीचा जनरल गिलेस्पी पडला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी गुरख्यांना आपल्या पलटणीत घ्यायला सुरुवात केली. १९४३ मध्ये ब्रह्मदेशात गजे घले आणि १९४५ मध्ये आराकानात भानभक्त गुरुंग यांनी मिळवलेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या हकिकतींत कुकरी आहे. १९४७ मध्ये दहापैकी सहा गुरखा रेजिमेंट भारताकडे आल्या आणि फुलीसारख्या एकमेकींवर ठेवलेल्या कुकऱ्यांचं चिन्हही त्यांच्याबरोबर आलं. मराठी घरात मात्र हे नाव बऱ्याच जणांना आठवतं ते १९७१ च्या युद्धात दीवच्या समुद्रात बुडालेल्या आयएनएस खुकरीमुळे. त्याच नावाची पुढची युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली.

आता खरेदी. आधी पात्याचा मुठीत शिरणारा भाग पाहा. दोन प्रकार असतात. पानावलमध्ये पातं मुठीच्या पार टोकापर्यंत जातं आणि दोन्ही बाजूंनी शिंग किंवा शिसवीच्या फळ्या खिळ्यांनी बसवतात. दुसऱ्या प्रकारात पात्याची निमुळती शेपटी मुठीत घालून लाखेने घट्ट करतात. शेपटी मुठीतून आरपार नेऊन मागे ठोकून पक्की केली असेल तर तीही वर्षानुवर्षं टिकते. अर्ध्यातच संपली असेल तर मूठ एक दिवस हातात राहील आणि पातं समोरच्या माणसाकडे जाईल. मुठीचं टोक तळहातावर आपटून पाहावं, आतून किंचितही खडखड आली तर सरळ परत करावी. शिंगाची मूठ दिसायला देखणी, पण कोरड्या हवेत तिला तडे जाऊ शकतात. काम करणाऱ्याने लाकडाची घ्यावी.

मग आकार. सिरुपाते सडपातळ, हलकी, झपकन फिरणारी. झुडपं साफ करायला उत्तम, ओंडक्यापुढे हात टेकणारी. भोजपुरे रुंद आणि वजनदार. सरपणाचा फडशा पाडते, पण दिवसभर पाठीवर वागवायला जड. सर्वसाधारण माणसाने दहा इंचांच्या आसपासचं पातं आणि पाचशे ते सहाशे ग्रॅम वजन यापलीकडे जाऊ नये. सिंहमुखी पितळी मूठ, पात्यावर कोरीव वेलबुट्टी, मखमली म्यान असं काही दिसलं तर ती दिवाणखान्याच्या भिंतीसाठी आहे हे ओळखावं. अशा पात्यांना पाणी दिलेलं असतंच असं नाही, आणि ती लाकडावर चालवून पाहायची परवानगी दुकानदार देत नाही, हेही पुरेसं बोलकं आहे.

म्यान तपासायलाही एक पद्धत आहे. कुकरी उलटी धरून झटका द्यावा; ती घसरून बाहेर आली तर म्यान ढिलं. काढताना डाव्या हाताची बोटं कधीही म्यानाच्या धारेकडच्या बाजूला लपेटू नयेत. दाप म्हणजे दोन पातळ लाकडी फाळक्यांवर शिवलेलं चामडं. वाकड्या पात्याची कड ओढताना आतून या फाळक्यांमधल्या फटीवर घासत येते. शिवण उसवली की बोटं आणि पोलाद यांच्यामध्ये काहीच उरत नाही. म्यान पाठीकडून, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरावं, आणि पातं पाठ म्यानाला घासत बाहेर काढावं. कुकरीने होणाऱ्या नवशिक्यांच्या जखमा लढाईत होत नाहीत, म्यानाशी होतात.

स्वसंरक्षणासाठी घ्यायची का? २०१० मध्ये मौर्य एक्स्प्रेसमध्ये बिष्णू श्रेष्ठ या गुरखा रेजिमेंटमधल्या जवानाने एकट्याने दरोडेखोरांशी कुकरीने झुंज देऊन एका मुलीला वाचवलं, त्याबद्दल त्याला सेना पदक मिळालं. त्याच झुंजीत त्याच्या हाताला गंभीर दुखापतही झाली. हातात कुकरी घेऊनच तरुण झालेल्या सैनिकाची ही गत, तर आठवड्याची सुट्टी काढून डोंगरात जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी? पात्याची लढाई हातभराच्या अंतरावर होते, तिथे दोघेही कापले जातात. सह्याद्रीत माणसापेक्षा बिबट्याची धास्ती अधिक असेल, तर काठी, जोरदार उजेडाची विजेरी आणि चारचौघांचा आवाज यांचा उपयोग कितीतरी जास्त. आपल्या गडकिल्ल्यांच्या वाटांवर दोन दिवसांच्या भटकंतीला चार इंची, मुठीत आरपार गेलेल्या पात्याची साधी सुरी पुरते. मुक्कामाला सरपण फोडायचं असेल, जागामालकाची हरकत नसेल, तर कुकरी. कमरेला लावून मिरवायला नव्हे.

मिरवण्याला कायदाही आडवा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात कुकरीचं नावच घेतलेलं आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं त्या वर्गात मोडतं; घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. सरकारने ज्या भागासाठी अधिसूचना काढली असेल तिथे परवाना लागतो. शिवाय महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात सुरेही येतात. सरपणाच्या मोळीशेजारी ठेवलेलं पातं आणि बसस्टँडवर जॅकेटखाली लपवलेलं तेच पातं, यांच्याकडे हवालदार एकाच नजरेने पाहणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

निगा थोडी पण नेमाने लागते. हे पोलाद गंजतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर रातोरात. काम झालं की पुसायचं, तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवायचं नाही, चामडं ओल धरून बसतं. धार दगडावर किंवा चकमकीवर लावावी. मोटरच्या चाकावर पातं दिलं आणि कडेवर निळसर छटा आली, की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं समजा.

ज्या वस्तूच्या नावावर पलटणी आणि जहाजं ओळखली जातात, ती घडवणारे विश्वकर्मा किंवा कामी नेपाळच्या जातिव्यवस्थेत अस्पृश्य गणले गेले. म्यानाचं चामडं शिवणारे सार्कीही. वर्षभर गावाची अवजारं दुरुस्त करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं, ही बालीघरे पद्धत बलुतं पाहिलेल्या मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९६३ च्या मुलुकी ऐन या संहितेने कायद्यातून अस्पृश्यता काढली, गावच्या पाणवठ्यावरून ती जायला बराच जास्त वेळ लागतो आहे. जुन्या कुकरीवर रेजिमेंटचं चिन्ह सापडतं, कारागिराचं नाव क्वचितच. आता काही ठिकाणी पात्यावर घडवणाऱ्याची खूण उमटवतात. विकत घेताना अशी खूण असलेली मागावी. पातं चांगलं निघालं तर पुढची कुणाकडून घ्यायची ते कळतं, आणि मूठ हलली तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची तेही.