ऑप्शनला टाकलेला विषय

सबमिशनचा आठवडा. जर्नलवर सह्या बाकी, कॅन्टीनमध्ये तिसरं कटिंग आणि टेबलावर एकच प्रश्न, "यार, पीपीएलचं काय वाचायचं?" उत्तर ठरलेलं, "लोकल ऑथर घे, फरक पाठ कर. सुटतो!"

पीपीएल म्हणजे प्रिन्सिपल्स ऑफ प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस. पुणे विद्यापीठातून कम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या अनेकांना हे नाव ऐकून आजही जांभई येईल. इम्परेटिव्ह, ऑब्जेक्ट ओरिएंटेड, फंक्शनल, लॉजिक... चार पॅराडाइम्स, चार व्याख्या, पेपर संपला की पाटी कोरी. मीही हेच केलं.

फटका बसला नोकरीत. जावामध्ये सहा वर्षं सुखानं लूप फिरवल्यावर नव्या प्रोजेक्टचा कोड उघडला, तर सगळीकडे मॅप, फिल्टर, रिड्यूस! फॉर लूप औषधालाही नाही. शेजारी बसलेली, माझ्याच कॉलेजची फ्रेशर सहज म्हणाली, "अरे, हे पीपीएलमध्ये होतं ना आपल्याला?" काय बोलणार?

रिक्षावाला फंडा

खरं तर फंडा सोपा आहे. रिक्षात बसून 'डावीकडे घ्या, सिग्नलला उजवीकडे, आता सरळ' असं सांगत राहिलात, तर तुम्ही इम्परेटिव्ह. नुसतं 'स्टेशनला सोडा' म्हणालात, तर डिक्लरेटिव्ह. रस्ता काका बघतील! एसक्यूएलमध्ये आपण हेच करतो. काय हवं ते सांगतो, कसं आणायचं ते डेटाबेस ठरवतो.

फंक्शनलचा नियम वेगळा. एकदा ठरलेली किंमत मध्येच बदलायची नाही, तिच्यावरून नवी काढायची. एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकणारी तुमची सीए मैत्रीण रोज जवळपास हेच करते. तिला पत्ताही नाही!

जुनं ते नवं

गंमत म्हणजे यातलं काहीच नवं नाही. जॉन बॅकस यांच्या टीमनं १९५७ मध्ये आयबीएममध्ये फोरट्रान आणली. जगाला 'डावीकडे घ्या' स्टाइलची सवय लावणाऱ्या पहिल्या भाषांपैकी ती एक. याच बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात या स्टाइलवर सडकून टीका केली आणि फंक्शनलची बाजू घेतली. जॉन मॅकार्थी यांची लिस्प तर १९५८ पासूनची. तिथला लॅम्डा जावात आला तो २०१४ मध्ये, जावा ८ सोबत. म्हणजे ज्याला आपण 'लेटेस्ट' म्हणून घाबरलो, ते सिलॅबसमध्ये पडून होतं.

आणि हे फक्त स्टाइलपुरतं नाही. दोन थ्रेड्सनी एकच व्हेरिएबल एकाच वेळी बदललं, की रात्री दोनला सपोर्टचा फोन वाजतो. किंमत बदलतच नसेल, तर ही भानगडच होत नाही. 'नल'चंही तसंच. १९६५ मध्ये टोनी होअर यांनी तो आणला आणि २००९ मध्ये त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कॉटलिन आणि स्विफ्टमध्ये 'इथे किंमत नसूही शकते' हे आधीच लिहावं लागतं, ते त्यासाठीच.

वीकएण्डला करून बघा

गोव्याच्या ट्रिपचा हिशोब घ्या. कोणी किती भरले, कोणाचं देणं किती. तो आधी लूपनं करा, मग क्लास बनवून, मग एकही व्हेरिएबल न बदलता. हौस असेल तर प्रोलॉगमध्ये नुसते नियम लिहा. दुसऱ्या चहापर्यंत डोकं गरगरेल. गरगरू द्या!

आज एआय टूल मिनिटात कोड लिहून देतं. तो बरोबर का आहे आणि कुठे फसेल, हे मात्र आपल्यालाच सांगावं लागतं. आजची फॅशनेबल भाषा पाच वर्षांनी कदाचित नसेल. पण किंमत कोण बदलतं, कधी बदलतं, हा प्रश्न तेव्हाही असेल.

माझं ते जुनं पुस्तक रद्दीत गेलं. नवं मागवलंय. या वेळी पेपर नाही, त्यामुळे ऑप्शनला काहीच टाकायचं नाही!