इजिप्तच्या थडग्यांबाहेरच गाइड का थांबतो?

इजिप्तची छोटी सहल म्हटली, की कैरोजवळचे पिरॅमिड एका दिवसात पाहायचे आणि मग विमानाने किंवा रात्रीच्या रेल्वेने दक्षिणेला लक्झर गाठायचे, असा साधारण बेत असतो. लक्झर ते आस्वान हा नाईल नदीतला प्रवास पुढे तीन-चार रात्रींचा. या टप्प्यात मंदिरांमध्ये गाइड पर्यटकांच्या सोबत फिरतो, भिंतीवरचे कोरीवकाम दाखवत गोष्टी सांगतो. राजांच्या थडग्यांपाशी मात्र तो बाहेर सावलीत उभा राहूनच सगळी माहिती देतो आणि पर्यटकांना आत पाठवतो. हा त्याचा आळस नव्हे. थडग्यात उभे राहून माहिती सांगण्यास गाइडना मनाई आहे. तीन हजारांहून अधिक वर्षे टिकलेली चित्रे पुढेही टिकणार का, हा प्रश्न या नियमामागे आहे.

सहलीत काय काय पाहायला मिळते?

नाईलच्या पूर्व काठावर लक्झर शहर आहे. तिथेच कर्नाक आणि लक्झर ही दोन मोठी मंदिरे आहेत. कर्नाकच्या सभामंडपात १३४ खांब असून मधल्या रांगांतले खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत. दोन्ही मंदिरांना जोडणारा सुमारे २.७ किलोमीटरचा मार्ग नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा खुला झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना स्फिंक्सच्या मूर्तींची रांग आहे.

पश्चिम काठावर शेतीचा हिरवा पट्टा संपताच उघडे डोंगर सुरू होतात. फेरो म्हणून राज्य केलेल्या हातशेपसुत या स्त्रीचे डोंगराच्या कुशीतले मंदिर, ‘व्हॅली ऑफ द किंग्ज’ म्हणजे राजांची दरी आणि राण्यांची दरी याच भागात आहेत. बोट दक्षिणेला निघाली, की एडफूचे होरस देवाचे मंदिर, कोम ओम्बोचे जोडमंदिर आणि आस्वानजवळचे फिलीचे इसिस देवीचे मंदिर लागते. ही मंदिरे ग्रीक-रोमन काळातली, म्हणजे कर्नाकच्या सभामंडपापेक्षा हजारभर वर्षांनी अलीकडची आहेत.

मंदिर आणि थडगे वेगवेगळे का?

पिरॅमिडच्या काळात राजाचे थडगे आणि त्याच्या पूजेचे मंदिर एकमेकांना लागून असत. पण पिरॅमिड दुरूनही दिसतो, त्यामुळे खजिना कुठे आहे हे चोरांना शोधावे लागत नसे. इ.स.पू. सुमारे १५५० ते १०७० या ‘नव्या राज्या’च्या काळात राजांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. मंदिर शेतांच्या कडेला, सर्वांना दिसेल असे बांधले जाऊ लागले. थडगे मात्र आडबाजूच्या दरीत खडक फोडून खोदले जाऊ लागले.

थडग्यातली चित्रे जिवंत माणसांनी पाहावीत म्हणून काढलेली नव्हती. रात्रीच्या बारा तासांत सूर्यदेव पाताळातून कसा प्रवास करतो आणि पहाटे पुन्हा कसा जन्मतो, हे त्यांत दाखवलेले असते. मेलेल्या राजाला त्याच वाटेने जायचे असे मानले जाई. अंत्यविधी झाला, की दार कायमचे बंद. त्यामुळे हवा खेळती ठेवण्याची सोयच तिथे नव्हती. आत जाणारी आणि बाहेर येणारी वाट एकच.

तरीही बहुतेक थडगी प्राचीन काळातच लुटली गेली. तुतनखामेनचे थडगे बरेचसे वाचले, याचे एक कारण म्हणजे नंतरच्या सहाव्या रामसेसचे थडगे खोदताना त्याच्या दारावर मलबा पडला आणि मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर यांच्या पथकाला त्या थडग्याची पहिली पायरी सापडली. आतून पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या.

पर्यटकांच्या श्वासाने काय बिघडते?

दरीतला खडक चुनखडीचा आहे. त्यावर गिलावा करून रंग दिलेला आहे. खडकात आणि गिलाव्यात मुळातच मीठ असते. हवा कोरडी असेपर्यंत ते शांत राहते. पण माणसाच्या श्वासातून आणि घामातून ओलावा हवेत मिसळतो. बंदिस्त खोलीत एकामागून एक गट येत राहिले, की दमटपणा वाढतो आणि रात्री पर्यटक गेल्यावर पुन्हा कमी होतो. या चढ-उतारात मीठ विरघळते आणि पुन्हा त्याचे स्फटिक होतात. स्फटिक वाढताना गिलाव्याला आतून ढकलतात. परिणामी रंगाचे पापुद्रे सुटू लागतात.

दुसरा त्रास धुळीचा. बुटांना आणि कपड्यांना चिकटून आलेली धूळ भिंतींवर बसते. ती पुसायची तर रंगाला इजा होण्याची भीती असते. अरुंद वाटेत पाठीवरच्या पिशव्या भिंतीला घासतात ते वेगळेच. अशा ठिकाणी वीस जणांचा गट एका चित्रासमोर पंधरा मिनिटे थांबला, तर मागे रांग साचते आणि आतली हवा आणखी दमट होते. म्हणूनच बोलण्याचे काम बाहेर आणि आत फक्त पाहणे, अशी विभागणी केलेली आहे.

सगळे नुकसान पर्यटकांनीच केले असे मात्र नाही. राण्यांच्या दरीतले नेफरतारीचे थडगे १९०४ मध्ये सापडले, तेव्हाच मिठामुळे त्याचा गिलावा अनेक ठिकाणी सुटलेला होता. १९८६ ते १९९२ या काळात तिथे जतनाचे मोठे काम झाले. १९९५ मध्ये ते खुले करताना दिवसाला १५० जणांची मर्यादा घातली गेली. तुतनखामेनच्या भिंतींवरचे तपकिरी ठिपकेही पर्यटकांमुळे वाढत असावेत, अशी शंका होती. गेटी संवर्धन संस्थेने कार्टरच्या काळातल्या छायाचित्रांशी तुलना केली, तेव्हा ते वाढत नसल्याचे दिसले. ते बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांचे जुने डाग निघाले. त्या थडग्यात आता वायुवीजनाची यंत्रणा बसवलेली आहे.

मग थडगी बंदच का करत नाहीत?

कारण जतनाला पैसा लागतो आणि त्याचा मोठा आधार पर्यटन हाच आहे. लक्झरमधले गाइड, नावाडी, घोडागाडीवाले, हॉटेल कामगार आणि दुकानदार यांची घरे याच सहलींवर चालतात. २०११ च्या उठावानंतर आणि २०२० च्या करोनाकाळात पर्यटक आटले, तेव्हा शहराची कमाई जवळजवळ थांबली होती.

त्यामुळे मधला मार्ग काढलेला आहे. दरीत ६० हून अधिक थडगी आहेत, पण एका वेळी त्यातली मोजकीच खुली असतात. नेहमीच्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात. तुतनखामेन आणि पहिला सेती यांच्या थडग्यांसाठी वेगळे तिकीट काढावे लागते.

दुसरा उपाय प्रतिकृतीचा. तुतनखामेनच्या दफनकक्षाची हुबेहूब प्रतिकृती २०१४ मध्ये पश्चिम काठावरच, कार्टर राहत असलेल्या घराजवळ खुली झाली. तिथे निवांत उभे राहून बारकावे पाहता येतात. पण राजाची ममी आजही मूळ थडग्यातच, काचेच्या पेटीत आहे. ‘खरे’ पाहिल्याचे समाधान प्रतिकृतीतून मिळत नाही, म्हणून मूळ दारासमोरची रांग कायम राहते.

कमी वेळात काय पाहावे?

आतला वेळ थोडाच मिळत असल्याने तयारी बाहेरच करणे चांगले. थडग्याचा नकाशा आणि दोन-तीन चित्रे गाइडकडून आधी समजून घेतली, तर आत गोंधळ होत नाही. बहुतेक जण भिंती पाहतात आणि छत विसरतात. सहाव्या रामसेसच्या दफनकक्षात आकाशदेवी नूत छतभर पसरलेली आहे. संध्याकाळी ती सूर्याला गिळते आणि सकाळी त्याला पुन्हा जन्म देते.

याच थडग्याच्या भिंतींवर ग्रीक आणि लॅटिन भाषांत खरडलेली शेकडो नावे आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आलेल्या प्रवाशांनी ती लिहिली. तेव्हाही ही दरी प्रेक्षणीय स्थळच होती. ती नावे आता इतिहासाचा पुरावा म्हणून जपली जातात. आजच्या पर्यटकाने मात्र पिशवी पुढे धरून, फ्लॅश बंद ठेवून, भिंतीला हात न लावता बाहेर पडायचे असते.