इंधन व वीज यांची काटकसर

आमच्या मानोऱ्याच्या आसपास कापूस व तूर निघाली, कीं पऱ्हाट्या व तुराट्या चुलीसाठीं रचून ठेवितात. आतां अनेक घरीं गॅसची शेगडी आली आहे. परंतु इंधन कोणतेंही असो, त्याच्या नासाडीचें मुख्य कारण एकच: उष्णता कामीं न येतां हवेंत जाते.

यास्तव तुरीची डाळ शिजविण्यापूर्वीं तासभर भिजत घालावी व भांड्यावर झांकण ठेवावें. उकळी येतांच जाळ मंद करावा. कारण उघड्या भांड्यांतील उकळतें पाणी मोठ्या जाळानें अधिक तापत नाहीं, त्याची केवळ वाफ होते.

दिव्याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास जळाल्यास ३० दिवसांत ९ युनिट वीज लागते, व तिची बहुतेक उष्णताच होते. सुमारें तितकाच प्रकाश देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाहीं.

काटकसर म्हणजे अंधारांत बसणें नव्हे. चुलींत लांकूड कमी जळालें, तर आईच्या डोळ्यांत धूर कमी जातो व तिच्या डोक्यावरील मोळीही हलकी होते. हा पाठ मातापित्यांनीं मुलांसमवेत घरीं गिरवावा, अशी आमची विनंती आहे.