नियम पाळले, तरी डाव का मोडला?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

मी अमडापूरहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, दशसूत्री, शिलाईच्या ऑर्डरी यावर बोलते. आज बोलणार आहे खेळावर. "आता हे काय नवीन?" असं म्हणू नका, शेवटपर्यंत ऐका. विषय आपल्या चुलीपर्यंत येतो.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवते ना? नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आमच्या गटातल्या आठ-दहा जणी एकीच्या घरी टीव्हीपुढे बसल्या होत्या. ज्यांना क्रिकेट कळत नाही त्याही टाळ्या वाजवत होत्या. पुढच्या बैठकीत तोच विषय निघाला. मी सहज म्हटलं, "याच मैदानावर २०२२ साली आपल्या मुलींचा फुटबॉलचा संघ स्पर्धेतून बाहेर पडला. एकही सामना हरला नव्हता. कोरोनामुळे बाहेर पडला."

एक मावशी लगेच म्हणाल्या, "अवं ताई, त्या पोरीयनं नियम पाळले न? मंग घरी कावून धाडलं त्यायले?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. नंतर वाचलं, विचार केला. आजचं बोलणं म्हणजे त्या मावशींना दिलेलं उत्तर आहे.

आधी शब्द समजून घेऊ. २०२० मध्ये आपल्याकडे पुण्या-मुंबईहून आलेली माणसं चौदा-चौदा दिवस शाळेत राहिली. काहींच्या हातावर शिक्का होता. आपण सगळ्यालाच 'क्वारंटाईन' म्हणायचो. खरं तर त्यात दोन गोष्टी होत्या. ज्याला आजार झालाय त्याला वेगळं ठेवणं ही एक. आणि ज्याला अजून काही झालेलं नाही, पण बाधित माणसाच्या जवळ आला होता किंवा बाहेरगावाहून आलाय, त्याला काही दिवस थांबवून पाहणं ही दुसरी. थांबवायचं का? कारण विषाणू अंगात शिरल्यावर लगेच चाचणीत दिसत नाही. आज चाचणी चांगली आली आणि तीन दिवसांनी वाईट आली, असं आपण आपल्या गावातही पाहिलंय.

आता विचार करा, परदेशातून खेळाडू आले. त्यांना चौदा दिवस खोलीत कोंडलं तर काय होईल? ज्या मुलीला नव्वद मिनिटं धावायचंय तिचं अंग आखडून जाईल. म्हणून खेळाच्या लोकांनी 'बायो-बबल' काढला. मी त्याला रिंगण म्हणते. सुरुवातीला चाचणी करून आत घ्यायचं. एकदा आत आलं की हॉटेल, बस आणि मैदान, एवढंच जग. बाजार नाही, पाहुणे नाहीत, घरचे नाहीत. सराव चालू, पण बाहेरच्याशी संबंध बंद. आणि दर काही दिवसांनी पुन्हा चाचणी.

२०२२ चा महिलांचा आशियाई फुटबॉल चषक असाच रिंगणात झाला आणि तो आपल्या महाराष्ट्रात झाला. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी, १२ देशांचे संघ, आणि तीन मैदानं : नवी मुंबईचं डी. वाय. पाटील, मुंबईत अंधेरी आणि पुण्यात बालेवाडी. आधी अहमदाबाद आणि भुवनेश्वरलाही सामने ठरले होते. पण विमानाचा प्रवास जितका जास्त तितकं रिंगण फुटायचा धोका जास्त. म्हणून सगळं मुंबई-पुण्यात आणलं. दोन शहरं, मध्ये रस्ता, आपली बस. विचार चांगलाच होता.

पण नेमकी त्याच महिन्यात ओमायक्रॉनची लाट आली. ८ जानेवारीला राज्य सरकारचा आदेश निघाला. शहर आणि जिल्हा पातळीवरच्या क्रीडास्पर्धा बंद. आधीच ठरलेल्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांना परवानगी, पण प्रेक्षक नकोत, सगळे रिंगणात हवेत आणि खेळाडूंची दर तिसऱ्या दिवशी चाचणी हवी. म्हणजे आपल्या मुलींच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धा थांबल्या आणि मोठ्या स्पर्धा चालू राहिल्या. यात वाईट वाटून घेण्यासारखं आहे, पण कारण समजून घ्या. मोठ्या स्पर्धेकडे रिंगण बांधायला पैसा होता. तालुक्याच्या स्पर्धेकडे नव्हता.

आता मुख्य गोष्ट. २० जानेवारीला भारताचा पहिला सामना इराणशी झाला. गॅलऱ्या रिकाम्या. सामना ०-० असा बरोबरीत सुटला. दुसरा सामना २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी होता. तोवर आपल्या संघातल्या डझनभर मुली बाधित निघाल्या, एक-दोन जखमी होत्या. संघ होता २३ जणींचा. नियम असा होता की सामन्यासाठी किमान १३ खेळाडू हजर हव्यात. आपल्याकडे तेवढ्या उरल्या नाहीत. सामना झाला नाही. आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे, संघ उभा करू न शकणाऱ्या देशानं माघार घेतली असं धरलं गेलं. चीनशी २६ जानेवारीचा सामना होता, तोही गेला. इराणशी झालेला सामना हिशेबातून काढून टाकला, जणू खेळलाच नव्हता.

यात गेलं काय, तेही सांगते. २०२३ च्या विश्वचषकाचा रस्ता याच स्पर्धेतून जात होता. भारताच्या महिला आजवर फुटबॉलच्या विश्वचषकात कधी खेळलेल्या नाहीत. घरचं मैदान, इतक्या वर्षांची तयारी आणि तीन दिवसांत सगळं संपलं.

मग आजार आत आला कुठून? संघाचे प्रशिक्षक थॉमस डेनरबी स्वीडनचे. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हॉटेलातले कर्मचारी बाधित निघाले होते, रिंगण तिथंच फुटलं. स्पर्धा भरवणाऱ्या आशियाई फुटबॉल महासंघानं आपली व्यवस्था योग्य होती असं म्हटलं. कोण बरोबर, हा निवाडा मी करणार नाही. मला दुसरंच काही दिसलं.

रिंगण म्हटलं की आपण खेळाडूंचा विचार करतो. पण खेळाडू जेवतात, तेव्हा कुणीतरी रांधलेलं असतं. चादर कुणीतरी बदलते. बस कुणीतरी चालवतं. ही माणसं दिवसभर आत आणि रात्री घरी गेली, लोकलनं, रिक्षानं, दाटीवाटीच्या वस्तीत, तर रिंगणाला दार राहतंच. त्यांचीही राहायची सोय आत हवी, चाचणी हवी आणि आजारी पडलं तर पगार न कापता रजा हवी. नाहीतर रोजंदारीची बाई अंगातला ताप सांगेल का? आपण सांगितला असता का?

इथं मला एक कबुली द्यायची आहे. २०२० मध्ये आमच्या एका गटातली ताई शाळेत ठेवलेल्या लोकांसाठी स्वयंपाक करत होती. सकाळ-संध्याकाळ भाकरी, वरण, भाजी. गावाला तिची गरज होती. पण हापशीवर तिला बाकीच्या बाया लांब उभं करायच्या. पुढं गावात एक जण बाधित निघाला तर पहिलं बोट तिच्याकडे गेलं. तिची चाचणी चांगली आली, तरी लोक बोलायचे थांबले नाहीत. आणि मी? मी समन्वयक, तरी तिचं पासबुक आठ दिवस हातात घेतलं नाही. तिला ना कुणी मोजे दिले होते, ना कुणी तिची चाचणी आधी केली होती. तिच्या जेवणावर सगळे जगत होते आणि संशय तिच्यावरच होता. नंतर मी तिची माफी मागितली. तिनं "जाऊ द्या ताई" म्हटलं. मला ते अजून जाऊ देता आलेलं नाही. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांची बातमी वाचली तेव्हा मला तीच आठवली.

आता मावशींच्या प्रश्नाचा दुसरा भाग. सामना चार दिवस पुढं का ढकलला नाही?

इतर ठिकाणी काय झालं ते बघा. २०२० चं टोकियो ऑलिंपिक पूर्ण एक वर्ष पुढं गेलं, २०२१ मध्ये झालं. बीडचा अविनाश साबळे, साताऱ्याच्या सरडे गावचा प्रवीण जाधव, ही आपली खेड्यातली मुलं तिथं खेळली. तिथं फुटबॉलच्या संघात १८ ऐवजी २२ खेळाडू घ्यायला परवानगी दिली, म्हणजे चार जास्तीच्या हाताशी. बाधित माणसाच्या जवळ आलेल्या खेळाडूची सामन्याआधी पुन्हा चाचणी करायची आणि ती चांगली आली तर खेळू द्यायचं, अशीही सोय केली होती. आयपीएल मे २०२१ मध्ये थांबली आणि सप्टेंबरमध्ये दुबईकडे पुन्हा सुरू झाली. भारत-इंग्लंड पुरुषांची एक कसोटी सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द झाली, ती जुलै २०२२ मध्ये खेळवली.

मग मुलींच्या सामन्यालाच पुढची तारीख का नाही? प्रामाणिकपणे सांगायचं तर, दोन संघांची कसोटी हलवणं सोपं असतं. बारा संघ, अठरा दिवस, सगळ्यांची परतीची विमानं, यात एक सामना हलवला की पुढची सगळी माळ हलते. पण हेही खरं की जिथं पैसा मोठा, तिथं लोक नवी तारीख शोधतातच.

त्याच स्पर्धेतला दुसरा संघ बघा, व्हिएतनामचा. स्पेनमध्ये सराव करत असतानाच त्यांच्या बऱ्याच मुली बाधित झाल्या. काही जणी मागाहून भारतात पोचल्या. तरी संघ कसाबसा उभा राहिला आणि ६ फेब्रुवारीला नवी मुंबईत चायनीज तैपेईला २-१ हरवून पहिल्यांदाच विश्वचषकाला गेला. आजार तोच, नियम तोच. एका संघाला आजार थोडा आधी गाठला, दुसऱ्याला ऐन सामन्याच्या तोंडावर. एवढाच फरक.

आणि ज्यांचा सामना कधी झालाच नाही, त्यांचंही ऐका. १७ वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक भारतात नोव्हेंबर २०२० ला होणार होता. आधी पुढं ढकलला, मग रद्द केला. भारताला २०२२ ची स्पर्धा मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये ती भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत छान झाली. पण २०२० साठी तयारी केलेल्या, २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली तोवर वयात बसत नव्हत्या. स्पर्धा दोन वर्षं थांबू शकते, मुलीचं वय थांबत नाही. आपल्या गावातली दहावीची मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली आणि स्पर्धाच झाली नाही, तिचं दुःख याहून वेगळं नव्हतं.

तर मावशी, उत्तर असं. मुलींनी नियम मोडला म्हणून त्यांना बाहेर काढलं नाही. नियमात "सगळं नीट झालं तर" याची तयारी होती, "बिघडलं तर" याची पुरेशी नव्हती. आणि बिघडल्याची किंमत ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांनी भरली.

आता हे आपल्या कामात आणू. आपले गट लग्नाच्या, शिबिराच्या, यात्रेच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात. शाळेच्या स्पर्धांना मुली पाठवतात. साथ कोरोनाचीच असेल असं नाही, डोळे येतात, कावीळ येते, गोवर येतो. अशा वेळी काम घेण्याआधी हे प्रश्न विचारा :

१. आत कोण आणि बाहेर कोण? स्वयंपाकीण, सफाईवाली, गाडीवाला यांची नावं यादीत आहेत का?

२. काम करणारी आजारी पडली तर तिची मजुरी कोण देणार? हे आधी कागदावर लिहून घ्या.

३. तिच्या जागी कोण? प्रत्येक कामाला एक राखीव बाई ठरवून ठेवा.

४. कार्यक्रम मोडला तर पुढची तारीख कोणती? आणि घेतलेल्या मालाचा खर्च कुणाकडे?

५. आजाराची बातमी आधी कुणाला सांगायची? एकच नाव ठरवा, म्हणजे हापशीवर कुजबूज होणार नाही.

पुढच्या बैठकीत अर्धा तास यावर घालवा आणि जे ठरेल ते ठरावाच्या वहीत लिहा.

जाता जाता एक चांगली बातमी. जुलै २०२५ मध्ये आपल्या फुटबॉलच्या मुलींनी थायलंडमध्ये थायलंडलाच २-१ हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. यजमान म्हणून नाही, पात्रता फेरी खेळून, पहिल्यांदाच. स्पर्धा ऑस्ट्रेलियात ठरली होती. आमच्या त्या मावशींनी तेव्हाच विचारून ठेवलं होतं, सामना टीव्हीवर किती वाजता लागतो म्हणून.

आणि ती शाळेत स्वयंपाक करणारी ताई? ती आता आमच्या गटाच्या जेवणाच्या ऑर्डरी सांभाळते. वरचे पाच प्रश्न तिला वाचून दाखवले तर म्हणाली, "दुसरा पहिल्यांदा विचारा, ताई." मी तो वहीत वर घेतला आहे.