जर्जर डिस्कमधील दप्तर
बाह्य हार्ड डिस्क फाइली उघडण्यास विलंब लावू लागली, की तिच्यावर दुरुस्तीची आज्ञा चालविण्याचा जो सर्रास प्रघात आहे तो घातक होय, कारण त्यामुळे मूळ दप्तरातच फेरफार होतो. ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ ही मुक्त आज्ञावली प्रथम सुस्थितीतील भागांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरविते, दुर्वाच्य विभाग अखेरीस राखून ठेवते, आणि सर्व प्रगतीची नोंद एका नकाशा-फाइलीत करीत असल्याने खंडित काम तेथूनच पुढे चालू होते. फाइलींचा शोध मग नकलेवरच घ्यावा. परंतु टकटक असा आवाज येत असेल, तर मिनिटाला ५४०० वा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर अवघ्या काही नॅनोमीटर अंतराने तरंगणारे वाचनशीर्ष निकामी झाल्याचा संभव मोठा, म्हणून वीज तत्काळ तोडून डिस्क धूलिमुक्त कक्ष असलेल्या तज्ज्ञाच्या हवाली करावी.