सुताराचा हात : शिल्पकार ब्रांकुशी आणि बुद्धाचे स्मरण

बाळापूरहून पातूरची लेणी पाहावयास गेलेला उपासक पुष्कळदा काहीसा निराश होऊन परततो. अजिंठ्याची चित्रे तेथे नाहीत, मूर्तींची दाटी नाही; खडकात कोरलेले साधे स्तंभ, ओसरी आणि अंधारे दालन, एवढेच. यात पाहण्यासारखे काय, हा प्रश्न त्यामुळे निघतो. तो उडवून लावण्याजोगा नाही. विसाव्या शतकात एका रुमानियन सुताराच्या कामाने हाच प्रश्न युरोप-अमेरिकेपुढे उभा केला, आणि त्या सुताराची वाट एकदा मराठी संस्थानिकाच्या इंदुरातून गेली होती.

कॉन्स्टँटिन ब्रांकुशी याचा जन्म 19 फेब्रुवारी 1876 रोजी होबित्सा या खेड्यात, गरीब शेतकरी कुटुंबात झाला. बालपणी त्याने मेंढ्या राखल्या, पुढे क्रायोवा शहरात दुकानात चाकरी केली. तेथील कला व हस्तव्यवसाय शाळेत 1894 ते 1898 या काळात तो लाकूडकाम शिकला. बुखारेस्टची कलाशाळा आणि 1904 मध्ये पॅरिस हे त्यानंतरचे. रोदँ या विख्यात शिल्पकाराच्या कार्यशाळेत तो 1907 मध्ये अल्पकाळच टिकला. त्या काळी नामवंत शिल्पकार मातीचा नमुना करीत आणि दगडावर प्रत्यक्ष छिन्नी चालवीत ते वेतनावरील कारागीर. ब्रांकुशीने ही विभागणी मोडली. दगड व लाकूड तो स्वतः कोरी, ब्राँझ आपल्या हातांनी घासून आरशासारखे करी; कार्यशाळेतील बाके, शेगडी आणि शिल्पाखालची बैठकही त्याच हातांची असे.

आपल्या वाचकांना याचे मोल निराळे सांगावयास नको. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची, तीही उच्चनीच पायऱ्यांची विभागणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्येच दाखवून दिले. कारागिराला कमी लेखण्याची वृत्ती युरोपातही होती. पण क्रायोवाचा सुतार पॅरिसचा शिल्पकार होऊ शकला, त्याचा जन्म त्याच्या आड आला नाही. हा फरक नजरेआड करून ब्रांकुशीचे कौतुक केले तर ते अर्धवटच राहील.

त्याच्या कामाचा गाभा म्हणजे काढून टाकणे. 'अवकाशातील पक्षी' या शिल्पमालेत पंख गेले, पाय गेले, उरली ती उंच निमुळती झेप. 1926 मध्ये अमेरिकेच्या जकात अधिकाऱ्यांनी त्यातील एक शिल्प स्वयंपाकघरातील भांड्यांच्या सदरात घालून 40 टक्के कर मागितला. 1928 मध्ये न्यायालयाने ती कलाकृतीच असल्याचा निर्णय दिला. पुढे 1960 नंतर 'मिनिमल' म्हणून ओळखल्या गेलेल्या शिल्पकारांपैकी कार्ल आंद्रे याने ब्रांकुशीचे ऋण उघडपणे मानले. हा आंद्रेही काही वर्षे रेल्वेत काम करून पोट भरीत होता.

इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी या मालेतील तीन पक्षी घेतले : एक ब्राँझचा, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधावयाचे ठरले. आत पाण्याचा हौद, भोवती पक्षी आणि वरून येणारा सूर्यप्रकाश अशी कल्पना होती. ब्रांकुशी त्यासाठी 1937-38 च्या हिवाळ्यात इंदुरास आला, पण काम सुरूच झाले नाही आणि तो परतला. काळा व पांढरा पक्षी पुढे 1973 मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतला.

त्या मंदिराशी आणखी एक शिल्प जोडले जाते. ओकच्या लाकडातील, सुमारे 3 मीटर उंचीचे हे शिल्प आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात 'राजांचा राजा' या नावाने आहे; त्याचे आधीचे नाव 'बुद्धाचा आत्मा' असे होते. अनात्मवादी धम्माच्या अनुयायाला हे नाव खटकेल, आणि खटकावे. ब्रांकुशी बौद्ध नव्हता. तो जन्माने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. परंतु तिबेटी साधक मिलारेपा यांचे चरित्र त्याच्या अत्यंत आवडीचे होते. त्या चरित्रात गुरू मार्पा शिष्याकडून दगडी मनोरे बांधवून घेतात, पाडावयास लावतात, पुन्हा बांधवितात. साधना तेथे पाठीवरच्या दगडांतून घडते. छिन्नी धरणाऱ्या माणसाला हे पुस्तक का भावले असावे, हे समजणे कठीण नाही.

बुद्धाला मानवी रूपात न दाखविता चक्र, बोधिवृक्ष, पदचिन्हे किंवा रिकामे आसन यांतून सुचविण्याची रीत आपल्याकडे सांचीच्या काळी होतीच. ते अपुऱ्या कौशल्याचे लक्षण मुळीच नव्हते. त्याच तोरणांवर हत्ती, घोडे, माणसे किती सफाईने उतरली आहेत! दक्षिण तोरणावरील काम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताच्या कारागिरांनी केल्याचे तेथील लेखच सांगतो. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कान्हदासाचे नाव त्याच्या सोनारकीच्या व्यवसायासह कोरलेले आहे. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात दारापाशी एक छोटा लेख आहे : हे द्वार धेनुकाकट येथील सामी याचे, वेणुवासाच्या पुत्राचे. त्याचा व्यवसायही लेखात नोंदला आहे, वढकी. म्हणजे सुतार.