खोकण्याचा धडा

बालरोगतज्ज्ञाने मोठ्यांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेवर लिहावे, हा अधिकारातिक्रम आहे. आमच्या भूलतज्ज्ञ स्नेह्यांनी तो उदार मनाने पोटात घालावा. मात्र फुप्फुस जपून कसे फुगवावे, हे नवजात अर्भक आम्हाला फार लवकर शिकवते. जन्मतः न रडलेल्या बाळाला पिशवीने श्वास देताना छाती हलकेच उचलली जाईल एवढाच दाब द्यायचा. हात जड पडला तर कोवळे फुप्फुस फुटण्याचा धोका असतो. मोठ्यांच्या बाबतीत हाच धडा वैद्यकशास्त्राला बराच उशिरा उमगला.

या विषयाशी आपल्या भागाचे एक जुने नाते आहे. आदिलाबाद निजामाच्या राज्यात असताना, 1888 आणि 1889 साली हैदराबादेत क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. त्यांचे सूत्रधार डॉ. एडवर्ड लॉरी यांचे सांगणे असे, की भूल देणाऱ्याने नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडत नाही, हे त्यांचे मत पुढे चुकीचे ठरले. श्वासावर नजर ठेवण्याची शिकवण मात्र टिकली.

भूल देऊन स्नायू सैल केले, की उताण्या झोपलेल्या रुग्णाचे श्वासपटल वर सरकते आणि फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मिटतो. 1963 साली बॉस्टनच्या बेंडिक्सन यांनी ही अडचण मांडली आणि मोठे श्वास द्यावेत असा उपाय सुचवला. मग कित्येक वर्षे दर किलोमागे 10 ते 12 मिलिलिटर हवा देण्याची वहिवाट पडली. 2000 साली अतिदक्षता विभागातील रुग्णांवरील अमेरिकन अभ्यासाने लहान श्वासांनी मृत्यू कमी होतात हे दाखवले. शस्त्रक्रियागृहापर्यंत ती गोष्ट पोहोचायला आणखी तेरा वर्षे लागली. 2013 साली फ्रान्समध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेच्या 400 रुग्णांपैकी निम्म्यांना जुन्या रीतीने, तर निम्म्यांना दर किलोमागे 6 ते 8 मिलिलिटर, उच्छ्वासाच्या अखेरीस थोडा दाब राखून आणि अधूनमधून फुप्फुस उलगडून श्वास दिले गेले. पहिल्या सात दिवसांतील गंभीर गुंतागुंती 27.5 टक्क्यांवरून 10.5 टक्क्यांवर आल्या. थोडा दाब चांगला, मग पुष्कळ दाब अधिक चांगला, असे मात्र नाही. 2014 च्या 900 रुग्णांच्या अभ्यासात जास्त दाबाने फुप्फुसाला लाभ झाला नाही, उलट रक्तदाब घसरला.

येथे एक साधी गोष्ट सांगावीशी वाटते. हे किलो वजनकाट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले. माणूस जाडा झाला म्हणून त्याचे फुप्फुस वाढत नाही. आपल्याकडच्या 150 सेंटिमीटर उंचीच्या बाईचे हे वजन सुमारे 43 किलो भरते. म्हणजे तिला एका श्वासात 260 ते 345 मिलिलिटर हवा पुरे. यंत्रावर सवयीने 500 चा सोयीचा आकडा लावला, की तिच्या वाट्याला तीच जुनी वहिवाट येते. उपाय शिंप्याच्या टेपाइतका स्वस्त आहे.

परंतु नळी काढल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि हे मी घरातच शिकलो. 2006 साली माझ्या वडिलांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया पोट उघडून करावी लागली. वय 72, तरुणपणीची विडी. पैनगंगेपलीकडच्या एका रुग्णालयात सारे निर्विघ्न पार पडले. टाके दुखतात म्हणून ते निश्चल पडून राहिले, खोकला आला तरी दाबत राहिले. आपला त्रास कोणाला नको, हा त्यांचा स्वभाव. 'दादा, आराम करा,' असे मीच सांगत होतो! तिसऱ्या दिवशी ताप चढला, ऑक्सिजन उतरला, उजव्या फुप्फुसाचा तळ क्ष-किरण चित्रात पांढरा दिसला. ते वाचले, पण पुन्हा शेताच्या बांधापर्यंत एका दमात गेले नाहीत.

शस्त्रक्रिया ठरल्यापासून माझ्या हाती आठ दिवस होते. वॉर्डातल्या पोरांना फुगे फुगवायला लावणारा मी. स्वतःच्या वडिलांना उशी पोटाशी धरून खोकायला शिकवावे, हे मला सुचले नाही.

त्या चुकीचे मोल मला 2018 साली आकड्यांत वाचायला मिळाले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील 441 रुग्णांच्या अभ्यासात सर्वांना माहितीपुस्तिका दिली गेली. निम्म्यांना त्याखेरीज शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्टने एकदाच, अर्धा तास, शुद्धीवर येताच दीर्घ श्वास कसे घ्यायचे आणि कसे खोकायचे ते शिकवले. फुप्फुसाच्या गुंतागुंती 27 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर उतरल्या. यात औषध नाही, यंत्र नाही. आपल्या रिम्समध्ये असो वा दहा खाटांच्या दवाखान्यात, अर्धा तास सापडायला हरकत नसावी. दुखणे पुरेसे आवरलेले हवे, हे ओघानेच आले. दुखऱ्या पोटाने कोणी खोकत नाही.

येत्या महिन्यात माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या पोटावरील जुन्या व्रणाच्या हर्नियाची शस्त्रक्रिया आहे. तंबाखू सुटली आहे, निदान माझ्यासमोर तरी. रोज सकाळी ओसरीवर बसून, उशी कवटाळून, ते दहा दीर्घ श्वास घेतात आणि मोठ्याने खोकतात. शेजारच्या काकू दोनदा काढा घेऊन आल्या.